दप्तराची दुसरी प्रत

इ. स. १९१६ सालीं औरंगाबादच्या किल्ले अर्कांतून जुन्या कागदांचे गठ्ठे बाहेर निघाले आणि हैदराबादच्या सरकारी दप्तरखान्यांत जाऊन पोहोंचले. औरंगाबाद म्हणजे २०२३ सालापासून ज्याचें अधिकृत नांव छत्रपति संभाजीनगर झालें तें शहर. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या दक्षिणेंतील कारभाराचे हे कागद होते. त्यांची संख्या सुमारें १,५५,००० आहे. त्यांपैकीं ५,००० च्या आसपास शहाजहानच्या कारकीर्दींतील आणि बाकीचे औरंगजेबाच्या. आज हा संग्रह तेलंगण राज्याच्या अभिलेखागारांत आहे. त्यांतील निवडक कागदांचे दोन खंड डॉ. यूसुफ हुसेन खान यांनीं १९५० व १९५८ सालीं प्रसिद्ध केले.

तख्त, दरबार आणि लढाया यांच्या वर्णनाच्या आशेनें जो हे कागद उघडील त्याची निराशा होईल. त्यांत स्वारांची हजेरी आहे, पगाराच्या पावत्या आहेत, जहागिरींच्या उत्पन्नाचे आंकडे आहेत, दरबारांत त्या त्या दिवशीं काय घडलें याचें टिपण आहे. स्वाराच्या चेहऱ्यावर खूण कोठें आहे, त्याच्या घोड्याचा रंग कोणता आणि घोड्यास डाग कोणता दिलेला आहे, हें सारें काळजीपूर्वक लिहिलेलें आहे. कारण उघड आहे. मनसबदारानें भाड्याचे स्वार आणि उसने घोडे दाखवून सरकारचा पैसा उपटूं नये, हा त्यांतील मुख्य हेतु. पण खऱ्या स्वाराचा पगारहि याच कागदावर अवलंबून असे. कागद हरवला तर त्याची ओळख पटविणें कठीण.

आजच्या शहरी कुटुंबाची स्थिति याहून फार निराळी नाहीं. बँकेंतील शिल्लक, नोकरीचा पगार, आगगाडीचें आरक्षण, इस्पितळांतील तपासणीचा निकाल, जमिनीचा सातबारा हीं सर्व दप्तरेंच आहेत. फरक इतकाच कीं तीं बासनांत न राहतां संगणकांत राहतात. बासन डोळ्यांना दिसतें. संगणकांतील दप्तर कोणत्या गांवीं, कोणत्या इमारतींत आहे, हें ज्याचे पैसे त्यांत नोंदलेले असतात त्यालाहि ठाऊक नसतें. त्या इमारतीला आग लागली, तींत पुराचें पाणी शिरलें, किंवा कोणी दुष्टाव्यानें तेथील नोंदींस परकें कुलूप घातलें, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं व्यवहार कसा चालावा? या प्रश्नाचें उत्तर संकटापूर्वींच लिहून ठेवण्याचें एक स्वतंत्र शास्त्र संगणकांच्या युगांत तयार झालें आहे. प्रश्न मात्र जुना आहे, आणि दक्षिणेच्या इतिहासांत त्याचीं बरीं आणि वाईट अशीं दोन्ही प्रकारचीं उत्तरें सांपडतात.

मोगली कारभारांत महत्त्वाचा हुकूम एकाच कागदावर राहत नसे. बादशहासमोर जें ठरे तें वाकेनवीस टिपून घेई. त्या टिपणावरून याददाश्त तयार होई. ती तपासली जाई. तिचा सारांश निघे. मग सनद लिहिली जाई आणि ती निरनिराळ्या कचेऱ्यांतून शिक्के व नोंदी घेत घेत बाहेर पडे. म्हणजे एकाच गोष्टीचा मागमूस अनेक ठिकाणीं राही. हेतु लबाडी पकडण्याचा होता. परंतु त्याबरोबर एक दुसरा लाभ आपोआप पदरांत पडला. एका कचेरीचें दप्तर गेलें तरी दुसरीकडील नोंद हातीं राही. दिल्लीचें बादशाही दप्तर पुढील काळाच्या धामधुमींत बहुतांशीं नाहींसें झालें. दक्षिणेंतील सुभ्यांचें दप्तर औरंगाबादेस राहिलें, म्हणून औरंगजेबाच्या सैन्याचा आणि खर्चाचा हिशेब इतिहासकारांना आज इतक्या बारकाईनें पाहतां येतो.

येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेवला पाहिजे. १७६३ सालीं निजाम अलीनें आपली राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस नेली. राजधानी गेली, पण अर्कांतील हे कागद तेथेंच राहिले, आणि पुढें दीडशें वर्षें तसेच राहिले. ते वांचले खरे. पण ज्या मोगली कारभारासाठीं ते लिहिले गेले तो कारभार केव्हांच संपला होता. दप्तर वांचणें ही एक गोष्ट आणि काम चालूं राहणें ही दुसरी. अर्कांत पहिली गोष्ट घडली, दुसरी घडली नाहीं. दुसरी कशी घडते हें पाहावयाचें असेल तर याच औरंगजेबाच्या शत्रूकडे वळलें पाहिजे.

१६८२ सालीं औरंगजेब स्वतः औरंगाबादेस येऊन दाखल झाला. सात वर्षांनीं, म्हणजे ११ मार्च १६८९ रोजीं, संभाजी महाराजांचा वध झाला. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. गडावर येसूबाई होत्या, बाल शाहूराजे होते, नुकतेच मंचकारोहण झालेले राजाराम महाराज होते, आणि राज्याचें दप्तर होतें. सर्व एकाच ठिकाणीं! गड पडला असता तर राज्याचा धनी, वारस आणि कागद हीं तिन्ही एकाच दिवशीं शत्रूच्या हातीं गेलीं असतीं. अशा वेळीं येसूबाईंच्या विचारानें असें ठरलें कीं, राजाराम महाराजांनीं गडाबाहेर पडावें. ५ एप्रिल रोजीं ते बाहेर पडले. प्रतापगड, पन्हाळा असे मुक्काम करीत, पुढें वेष पालटून कर्नाटकाच्या वाटेनें ते जिंजीस गेले. नोव्हेंबरांत रायगड पडला, त्या सुमारास ते जिंजीस पोहोंचलेले होते. येसूबाई आणि शाहूराजे कैदेंत पडले. रायगडावरील दप्तर त्या वेळीं नष्ट झालें, असें इतिहासकार मानतात. दप्तर गेलें, राजधानी गेली; पण राज्य चालूं राहिलें.

हा चमत्कार नव्हता. जिंजीचा किल्ला शिवाजी महाराजांनीं दक्षिणदिग्विजयाच्या स्वारींत १६७७ सालीं घेतला होता आणि त्याची तटबंदी नव्यानें मजबूत करविली होती. संकट आलें त्यापूर्वी बारा वर्षें ही दुसरी जागा तयार होती. ती मूळ जागेपासून इतकी दूर होती कीं एकाच फौजेला दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं तितक्याच जोरानें लढणें अवघड जावें. तेथें किल्ला होता, तटावर माणसें होतीं, भोंवतालच्या मुलखाचा वसूल होता. इकडे महाराष्ट्रांत रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन स्वतः निर्णय करण्याचा अधिकार दिलेला होता. प्रत्येक कामाला जिंजीच्या उत्तराची वाट पाहण्याचें कारण उरलें नव्हतें. शंकराजी नारायण सचिव, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव अशीं अनेक माणसें आपापल्या जागीं काम चालवीत होतीं. जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. किल्ला शेवटीं पडला, परंतु तोंपर्यंत राजाराम महाराज तेथून निसटून महाराष्ट्रांत परत आले होते आणि कारभार पुन्हां मायभूमींत उभा राहत होता.

दप्तर नसल्याची किंमत मात्र भरावी लागली. कोणाचें वतन कोणतें, कोणाची सनद खरी, हे तंटे कागदावांचून सुटत नाहींत. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीचा वृत्तान्तहि आतां माणसांच्या आठवणींतून जमा करावा लागला. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यांनीं जिंजीच्या मुक्कामीं आपली बखर लिहिली. ती मराठींतील एक अमोल चीज आहे; पण मूळ दप्तर असतें तर इतिहासाला तिच्या जोडीला आणखी किती आधार मिळाला असता, याची कल्पनाच करावी. स्मरण हें दप्तराचें शेवटचें आश्रयस्थान आहे. तेथें तपशील आणि तारखा फार दिवस टिकत नाहींत.

या अनुभवांतून गेलेल्या रामचंद्रपंतांनीं पुढें आज्ञापत्र लिहिलें. त्यांतील दुर्गांच्या प्रकरणांत पाण्यासंबंधानें एक सूचना आहे. गडावर एखादा झरा आहे आणि त्याचें पाणी पुरतें, एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. लढाईंत तोफांच्या दणक्यानें झरे आटतात, म्हणून तळीं, टाकीं वेगळीं बांधून तीं भरून राखावीं, असा तिचा आशय आहे. संगणकांच्या व्यवस्थेवर आज जीं जाड पुस्तकें लिहिलीं जातात त्यांचें पहिलें प्रकरण याहून निराळें नसतें. जें शांततेच्या काळांत पुरतें तें संकटांत पुरेल असें मानूं नये.

दुसरी जागा असली म्हणजे सर्व झालें, असेंहि नाहीं. १७६३ सालीं मराठ्यांच्या फौजेनें औरंगाबादेवर शिड्या लावून हल्ला केला, तो फसला. पुढें निजाम अलीनें पुण्यावर चाल करून तें शहर लुटलें आणि जाळलें. पुण्याचे लोक आपली चीजवस्त घेऊन गडांच्या आश्रयास धांवले. त्या वेळीं मोगली फौजेच्या एका टोळीनें सिंहगडाच्या पायथ्याचें गांव जाळलें आणि त्यांत मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद भस्म झाले, असें ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. त्याच वर्षीं १० ऑगस्ट रोजीं गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन येथें पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला. लढाई जिंकली, तह झाला. जळलेले कागद परत आले नाहींत. कागद हलविण्यानें त्यांची जागा बदलते, संख्या वाढत नाहीं. मूळ कागद हलविणें निराळें आणि त्याची प्रत दुसरीकडे ठेवणें निराळें.

आतां अलीकडच्या काळाकडे यावें. २१ जून २०१२ रोजीं दुपारीं मुंबईच्या मंत्रालयास आग लागली. चवथ्या मजल्यावर सुरू झालेली ही आग वरच्या मजल्यांपर्यंत पसरली. पांच माणसें मृत्यु पावलीं. असंख्य फाइली जळाल्या. नंतर सरकारी नोकरांपुढें जें काम येऊन पडलें तें जिंजीच्या कारकुनांना ओळखीचें वाटलें असतें. कोणत्या पत्राची प्रत कोणत्या कचेरींत असेल, कोणत्या खात्याकडे त्या विषयाची नोंद असेल, हें शोधून फाइली पुन्हां उभ्या करावयाच्या होत्या. ज्या फाइलींचीं पानें आगीपूर्वीं संगणकांत उतरविलेलीं होतीं त्यांची चिंता कमी. ज्या एकाच कपाटांत होत्या त्यांची राख झाली.

संगणकांत उतरविलेलें मात्र सुरक्षितच, असा समज करून घेणेंहि धोक्याचें आहे. २७ जून २०१७ रोजीं मर्स्क या जगप्रसिद्ध जहाज कंपनीच्या संगणकांत एक विध्वंसक प्रोग्रॅम शिरला. आपल्या रायगड जिल्ह्यांतील न्हावा शेवा बंदरांत या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचें कामहि त्यामुळें ठप्प झालें. कंपनीच्या जाळ्यांत कोणाला कोठें प्रवेश आहे याची मूळ यादी सुमारें दीडशें सर्व्हरांवर ठेवलेली होती, आणि हे सर्व्हर एकमेकांशीं सतत जुळते राहत. एक बिघडला तर दुसऱ्यांवरून ती यादी घेतां यावी, अशी योजना होती. परंतु हल्ला सर्वांवर एकदम आला आणि सर्व प्रती एकदम पुसल्या गेल्या. फक्त आफ्रिकेंतील घाना देशांत त्या वेळीं वीज गेलेली होती! तेथील सर्व्हर बंद होता, म्हणून वांचला. तेथील दळणवळणाचा वेग अपुरा पडला, तेव्हां ती प्रत माणसानें हातांत घेऊन नायजेरियांत नेली आणि तेथून दुसऱ्यानें इंग्लंडांत पोहोंचविली. पुढें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे करण्यांत आले, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं सांगितलें. अर्कांतील कागद दैवानें वांचले, तशीच ही प्रतहि दैवानें वांचली. म्हणून निदान एक प्रत तरी अशी असावी कीं जी मुख्य व्यवस्थेशीं बांधलेली नाहीं. वेगळ्या टाक्यांतील पाण्यासारखी ती शांतपणें बाजूला पडून राहावी.

जागा आहे, प्रत आहे. तरीहि एक गोष्ट उरते, ती म्हणजे निर्णय. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची दुसरी जागा चेन्नईस आहे. जिंजीहून चेन्नई अवघी दीडशें किलोमीटर. मुंबईवरील संकटाच्या वेळीं कारभार हलवावयाचा तर तो तमिळ मुलखांत हलवावा, हा विचार सव्वातीनशें वर्षांनीं पुन्हां सुचावा हा योग मौजेचा आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं या बाजारांतील व्यवहार थांबले. तारांच्या दोन निरनिराळ्या वाटा एकाच दिवशीं बिघडल्या, आणि दोन ठिकाणांमधील रस्त्यावर चाललेलें खोदकाम हें त्याचें प्रमुख कारण होतें, असें एक्स्चेंजनें पुढें जाहीर केलें. चेन्नईची जागा तयार असतांहि कारभार तेथें हलविण्यांत आला नाहीं. व्यवहार पुन्हां सुरू झाले ते दुपारीं पावणेचार वाजतां. त्या दिवशीं बाजार सायंकाळीं पांचपर्यंत चालला.

पुढील महिन्यांत सेबी या नियंत्रक संस्थेनें नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून ३० मिनिटांच्या आंत संकट जाहीर केलें पाहिजे. जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांच्या आंत काम पुन्हां सुरू झालें पाहिजे. आणि १५ मिनिटांपेक्षां अधिक काळाच्या नोंदी बुडतां कामा नयेत. या तीन आंकड्यांत या शास्त्राचें सार आलें. काम किती वेळ बंद राहिलेलें चालेल, हा पहिला हिशेब. ताज्या नोंदींपैकीं किती गेल्या तर सोसवेल, हा दुसरा. दुकानाच्या वहीची प्रत रोज रात्रीं काढली आणि आग सायंकाळीं लागली, तर त्या दिवसाचा सर्व व्यापार स्मरणांतून लिहावा लागेल. तो सोसवत नसेल तर प्रत दर तासाला काढली पाहिजे. आणि तिसरी गोष्ट, ‘आतां मुख्य जागा सोडावी’ हें वेळेवर म्हणण्याचा अधिकार कोणाला तरी आधींच दिलेला असला पाहिजे. रायगडावर येसूबाईंनीं तो शब्द वेळेवर उच्चारला.

शेवटचें अंग सरावाचें. २ मार्च २०२४ रोजीं, शनिवारीं, याच एक्स्चेंजनें खास बाजार भरविला आणि मध्येंच मुख्य जागेवरून दुसऱ्या जागीं कारभार हलवून दाखविला. संकट कांहींच नव्हतें. तें येईल तेव्हां हात थरथरूं नयेत एवढाच उद्देश. जो रस्ता कधीं चालून पाहिला नाहीं तो अंधारांत सांपडत नाहीं.

छत्रपति संभाजीनगरच्या भोंवतीं आज चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथें कारखान्यांच्या वसाहती आहेत. मोठे कारखाने आपली व्यवस्था पाहतात. त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदाराचें सारें दप्तर, म्हणजे मागण्या, नकाशे, कामगारांचे पगार, कराचे हिशेब, पुष्कळदां एकाच खोलींतील एकाच संगणकांत असतें. प्रत काढलेली असली तर ती त्याच टेबलाच्या खणांत असते. आग खण पाहून लागत नाहीं. अशा कारखानदारानें खर्चाच्या मोठ्या गोष्टी करण्यापूर्वीं चार साधे प्रश्न एका कागदावर लिहावे. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतींत, शक्य तर दुसऱ्या गांवीं आहे काय? तींपैकीं एक तरी मुख्य संगणकापासून सुटी आहे काय? मालक गांवीं नसतां ती उघडून काम सुरू करण्याचें ज्ञान व अधिकार कोणाला आहे? आणि त्या प्रतीवरून काम खरोखर चालतें, हें गेल्या वर्षांत एकदां तरी करून पाहिलें आहे काय? उत्तरें त्याच कागदावर लिहून तो कागद संगणकाबाहेरहि ठेवावा, कारण संगणक बंद पडला म्हणजे त्याच्या पोटांतील सूचना वाचतां येत नाहींत.

हैदराबादच्या अभिलेखागारांत औरंगाबादचे ते कागद आज अभ्यासकांपुढें उघडले जातात. त्यांतील स्वाराला आपल्या चेहऱ्याची नोंद इतिहासासाठीं नको होती. त्याला ती पुढल्या महिन्याच्या पगारासाठीं हवी होती. प्रत्येक दप्तराचा पहिला धर्म हाच आहे, आणि संकटाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पाळला गेला कीं नाहीं, यावरूनच त्या दप्तराची व्यवस्था जोखली जाते.